खांबेट्यांच्या खुंटीवरचे हात

खांबेटेकाका पहिल्या भेटीत माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. खांद्याकडे बघतात. मग मान तिरकी करून जरा मागच्या बाजूनेही बघतात आणि शांतपणे म्हणतात, "हा जाणार."

माझी बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि बेहाला भागात घर मिळालं. खालच्या मजल्यावर मराठी आडनावाची पाटी दिसली म्हणून ओळख करून घ्यायला गेले. दार उघडणाऱ्या उंच, वाळक्या गृहस्थांनी नमस्काराच्या आधी माझ्या उजव्या खांद्याकडे बघून हे वाक्य उच्चारलं. आतून बाईंचा आवाज आला, "अहो, आधी त्यांना आत तर घ्या. खांदा बरोबरच येईल."

त्या कुंदाकाकू.

खांदा गेला, हे सांगून टाकते. काही वर्षांनी गेला, पण तोच गेला. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर. खांबेटेकाका म्हणाले, "उशीरच केलात."

खांबेटे रेल्वेत मेकॅनिकल इंजिनियर होते. सगळी नोकरी इथल्याच गार्डन रीचला काढली आणि निवृत्तीनंतर पुण्याला न जाता इथेच राहिले. पुण्यात लॉन बोलिंगचं हिरवळीचं मैदान नाही, एवढंच कारण ते देतात. आमच्या क्लबात आहे. खेळ सोपा वाटतो. गवतावर एक छोटा पांढरा चेंडू असतो, त्याला जॅक म्हणायचं. आपला मोठा चेंडू घरंगळत नेऊन त्याच्याजवळ थांबवायचा. गोम अशी, की मोठा चेंडू एका बाजूला जड असतो, त्यामुळे तो कधीच सरळ जात नाही, वळतो. मला या खेळात कुंदाकाकूंनी ओढलं. "बँकेत बसून बसून तुझं फर्निचर होईल," त्या म्हणाल्या. "चल."

आता या खेळात तरुण माणसं कमी. कुणाचे गुडघे वाकत नाहीत, कुणाची बोटं मिटत नाहीत, कुणाचा खांदा माझ्यासारखा. त्यांच्यासाठी एक काठी मिळते. खालच्या टोकाला चेंडू धरणारा पंजा, वरच्या मुठीला खटका. उभ्यानेच काठी झुलवायची, खटका दाबायचा, पंजा उघडतो आणि चेंडू सुटतो. परदेशी बनावटीच्या तयार काठ्या मिळतात, पण त्यांचं नाव काढलं की खांबेटे दुखावतात. "तयार हात घेणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवणं." त्या काठीला ते नुसतं 'हात' म्हणतात. क्लबात निम्म्या मंडळींचे हात त्यांनीच केलेले.

या शब्दामुळे काय होतं ते ऐका. एकदा मी त्यांच्याबरोबर ऑटोतून येत होते. मिसेस सेन नावाच्या आमच्या क्लबातल्या वृद्ध बाईंचा फोन आला. काका हिंदीत मोठ्याने म्हणाले, "आपका हाथ काट दिया है. अब अच्छा लग रहा है. रात भर तेल में रखूँगा." ऑटोवाल्याने आरशातून एकदा काकांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या गल्लीच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवून म्हणाला, पुढे रस्ता बंद आहे. रस्ता उघडा होता.

हात करायचा म्हणजे आधी माणूस वाचायचा, असं त्यांचं म्हणणं. माप घेण्याआधी ते कितीतरी दिवस नुसते मागे उभे राहून बघतात. चेंडू सोडताना अंगठा रेंगाळतो का, मनगट कुठे झुकतं, श्वास कधी रोखला जातो. मग पंजाचं रबर कुठे जाड, कुठे पातळ करतात, खटक्याची स्प्रिंग कधी ढिली, कधी घट्ट. "हाताला सवय असते. ती उतरली नाही तर तो हात नव्हे, चिमटा!"

आणि सवय उतरते. खरोखर उतरते. घोषबाबू म्हणून एक अतिसभ्य गृहस्थ होते. त्यांचा चेंडू जॅकच्या अलीकडे, काहीतरी विसरल्यासारखा थबकायचा. खांबेट्यांनी केलेल्या हातातूनही तो तसाच थबकायला लागला. घोषबाबू गेल्यावर त्यांच्या मुलाने तो हात परत आणून दिला. मिसेस सेन गेल्यावर त्यांचाही आला. असे बरेच आले. खांबेट्यांच्या मागच्या खोलीत ओळीने खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एक हात, पंजा खाली करून लटकलेला. त्या खोलीत पंखा लावला की सगळे पंजे किंचित हलतात. मी एकदा भजी द्यायला गेले, तेव्हा काका फडक्याने एकेक पुसत होते.

"घोषबाबूंना दमट हवेचा त्रास होतोय," ते म्हणाले. "मिसेस सेन मजेत आहेत."

मी भजी ठेवली आणि वर आले. वर आल्यावर खालून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. वाक्य बोलायचे, थांबायचे, मग पुढचं वाक्य. थांबायचे ते कुणाचं तरी ऐकून घ्यावं इतकंच.

क्लबात अर्थातच बोलवा झाली, की खांबेट्यांनी माप घेतलं की माणूस फार टिकत नाही. माझा खांदा गेल्यावर एका बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "दीदी, ओंके माप देबेन ना," त्या कुजबुजल्या, म्हणजे त्यांना माप देऊ नका. मी म्हटलं, ऐंशीच्या पुढच्यांचीच मापं घेतल्यावर दुसरं काय होणार? केक करणाऱ्याकडे वाढदिवस जास्त होतात, तसंच हे. त्यांना ते पटलं नाही. मला पटलं होतं, पण त्या रात्री खांदा जरा जास्त दुखला.

तरी मी गेले. "काका, माझा हात करा. मला खेळायचंय."

कुंदाकाकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. काकांनी माझा खांदा पुढून-मागून पाहिला. मग म्हणाले, "करतो. पण एक अट. धुकं पडेल त्या सकाळी क्लबात यायचं. पलीकडे जॅकपाशी उभं राहायचं. चेंडू आला की सांगायचं, कुणाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाचा."

कलकत्त्यात थंडी नावापुरतीच असते, पण जानेवारीत एखाद्या सकाळी नदीकडून असं धुकं येतं की चार-सहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही. पहिल्याच अशा सकाळी मी शाल गुंडाळून जॅकपाशी उभी राहिले. काका काखेत गाठोडं घेऊन दुसऱ्या टोकाला गेले, म्हणजे दिसेनासे झाले. सगळं पांढरं. मग ओल्या गवतावरून काहीतरी सरपटत येतंय असा आवाज आला. धुक्यातून एक काळा चेंडू बाहेर आला, माझ्या दिशेने निघाला आणि जॅकच्या अलीकडे, काहीतरी विसरल्यासारखा थबकला.

माझ्या मानेवर काटा आला. मी तो शालीने झाकला.

"कुणाचा?" धुक्यातून आवाज.

"घोषबाबूंचा."

पुढचा चेंडू जॅककडे ढुंकूनही न बघता थेट कडेच्या चरात जाऊन पडला. अशी बेदरकार बाई एकच होती. मी ओरडले, "मिसेस सेन!" माझ्या मागेच, कुंपणापाशी, क्लबचा माळी पाण्याची नळी जोडत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मिसेस सेन ज्या बाजूने आल्या तिकडे बघितलं, नळी खाली ठेवली आणि निघून गेला.

तिसरा चेंडू थोडा लटपटत निघाला, मग छान सावरला आणि जॅकला हलकेच टेकून थांबला.

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. काका, हे यंत्र बिघडलंय."

धुक्यात खटका दोनदा रिकामा वाजला. मग आवाज आला, "बरं."

त्या संध्याकाळी खालून कानस घासल्याचा आवाज येत राहिला. पुढच्या धुक्यात पुन्हा तेच. घोषबाबू, मिसेस सेन, आणि तिसरा, या वेळी वेगळाच लटपटणारा. कुणाचाच नाही. पुन्हा कानस. माझ्या हाताचं नाव काढलं की काका म्हणत, "आधी हे संपू दे."

मी काही बावळट नाही. काय संपायचंय ते माझ्या लक्षात आलं.

कुंदाकाकूंचा चेंडू सुटताना करंगळीत अडकायचा. त्यामुळे ओल्या फरशीवरून चालणाऱ्या माणसासारखा लटपटत निघायचा, मग एकदम जोर धरायचा आणि शेवटी जॅकला सोडून पलीकडे उभ्या असलेल्यांच्या घोट्यांवर यायचा. म्हणून चेंडू सुटला की काकू ओरडायच्या, "पाय!" क्लबातल्या बंगाली मंडळींना येणारा मराठी शब्द हा एकच. काका जन्मभर त्यांची करंगळी सुधारत होते. पुढे काकूंची बोटं संधिवाताने आखडली आणि काकांनी पहिला हात केला तो त्यांच्यासाठी. तो क्लबात आणला त्या दिवशी मी तिथे होते. चेंडू रेघ मारल्यासारखा गेला, जॅकला टेकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तो हात गवतावर ठेवला. "हा तुमचा चेंडू," त्या म्हणाल्या. "माझा कुठाय? हा हात नव्हे, चिमटा." ते वाक्य मुळात त्यांचं.

काका तेव्हा रागावले, मग दुसरा हात करायला बसले. मधल्या वर्षांत बाकीच्यांचे हात झाले, पण तो पुरा व्हायच्या आत काकूंनी अंथरूण धरलं.

मी खाली गेले आणि सरळ विचारलं, "तिसरा हात काकूंचा ना?"

काका चिडले. "आता तुम्ही साक्षीदार म्हणून बाद! नाव माहीत झाल्यावर काय उपयोग?"

"बाद कशाला? बँकेत खातेदाराचं नाव मला माहीतच असतं. सही जुळते का, एवढंच बघायचं."

ते हसले नाहीत. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला हात होता. त्याची मूठ लहान होती. त्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, "तिचा आवाज आहे फोनमध्ये. फोटो आहेत. चेंडू कुठेच नाही. मी कायम इकडे, तिच्या मागे उभा. येताना तो कसा दिसायचा ते समोर उभं राहणाऱ्यालाच ठाऊक. रोज तिथे उभे असायचे ते तुम्ही आणि घोषबाबू. घोषबाबू गेले." मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. "पुढच्या थंडीत यात कानस राहील असं नाही."

मी त्यांच्या खांद्याकडे बघितलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पुढच्या चेंडूला 'काकूंचा' म्हटलं असतं तर म्हातारा सुटला असता, मला माझा हात मिळाला असता आणि पहाटेची झोपही. पण न जुळणाऱ्या सहीवर शिक्का मारायला माझा हात उठत नाही, खांदा बरा असतानाही उठत नव्हता. पुढच्या दोन्ही धुक्यांत मी म्हटलं, "नाही." दुसऱ्या वेळी धुक्यातून 'बरं'सुद्धा आलं नाही.

मग वसंतपंचमीची सरस्वतीपूजा होऊन गेली. हवा तापायला लागली, धुकं संपलं असं सगळे म्हणाले. आणि एका सकाळी खिडकीतून समोरचं घर दिसेना. खाली काका दारातच उभे होते, काखेत फडक्यातलं गाठोडं. टॅक्सीत त्यांनी ते मांडीवर धरून ठेवलं.

त्या दिवशी घोषबाबू आले नाहीत, मिसेस सेन आल्या नाहीत. काका मैदानाच्या त्या टोकाला गेले आणि पुसले गेले. मी जॅकपाशी उभी होते. गवतावर आवाज झाला. आधी अडखळता, मग सरळ. मी तोंडाने 'नाही' म्हणायची तयारी करून ठेवली होती.

धुक्यातून चेंडू बाहेर पडला आणि माझा डावा पाय उचलला गेला.

मी उचलला नाही, तो उचलला गेला. चेंडू त्याच्याखालून निघून गेला आणि मी एका पायावर उभी राहून, पुरती वैतागून ओरडले, "अहो कुंदाकाकू, आधी ओरडायचं तरी!"

माझाच आवाज धुक्यात जाऊन विरला. माझा पाय अजून वरच होता.

मग अगदी बारीक आवाजात, "खरं?"

"काका, मी खोट्या सहीवर शिक्का मारत नाही."

मी पाय खाली ठेवला. नाक शिंकरल्याचा आवाज. खटका बसल्याचा आवाज. आणि मग त्या पांढऱ्यातून, म्हाताऱ्या, फाटक्या गळ्याने, सगळा जोर लावून कुणीतरी ओरडलं,

"पाय!"

मी पाय उचलला.