मूळच्या आमच्या मार्गारेट

विनिपेगमध्ये मार्गारेट नावाची बाई टिपणीसकाकांच्या तावडीत सापडली, की तिची लवकर सुटका नसे.

माझ्यादेखत पहिली सापडली ती ग्रोसरी स्टोअरमधली कॅशियर. २००७चा हिवाळा. आम्हाला पुण्याहून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि शेजारचे काका, वीजखात्यातून रिटायर झालेले इंजिनियर, मला कॅनडा शिकवायला सोबत घेऊन निघाले होते. बाईच्या बिल्ल्यावर ‘पेगी’ लिहिलं होतं. बेल्टवर बटाटे ठेवता ठेवता काकांनी तिला सांगितलं, की तिचं खरं नाव मार्गारेट आहे. बाई चपापली. ते खरोखरच मार्गारेट होतं, आणि या अनोळखी म्हाताऱ्याला ते कसं कळलं याची तिला काळजी वाटणं साहजिक होतं. मग काकांनी खुलासा केला: मार्गारेटची मेग, मेगची पेग, पेगची पेगी. ग्रीक भाषेत अर्थ मोती. पण ग्रीकांकडे शब्द आला पूर्वेकडून, आणि पूर्वेला आमची मंजिरी.

“सो यू सी, ओरिजिनली यू आर फ्रॉम अवर साइड.”

मागे सात माणसं ताटकळत होती. पेगीने, पिशवी हवी का, एवढंच विचारलं.

विनिपेग या छंदाला फार सोयीचं गाव. जगभरातली माणसं इथे थंडीने गारठायला आली आणि येताना प्रत्येकाने आपापली मार्गारेट आणली. काकांची दातांची डॉक्टर आइसलंडी वंशाची मार्ग्रेट. तोंडात तिची हत्यारं असतानाही त्यांनी तिला तिचं मूळ सांगायचा प्रयत्न केला होता. नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीत एक मार्गरीट, बेकरीत पोलिश माल्गोझाता, चर्चच्या सेलमध्ये जर्मन ग्रेटा. “मूळ आपलंच,” हे काकांचं पालुपद. गणपतीच्या पॉटलक जेवणाला जोश्यांच्या मुलीने खवचटपणे विचारलं, “व्हॉट अबाउट पिझ्झा मार्गेरिटा, काका?” काकांनी अतिशय गंभीरपणे पिझ्झ्यालाही आपल्यात घेतलं. ‘विद्वानांत याबद्दल मतभेद आहेत’ हे वाक्य मात्र ते इतकं हळू म्हणत, की ते आमटीच्या भुरक्यात विरून जाई.

आम्ही हसायचो. काकू दोन वर्षांपासून नर्सिंग होममध्ये होत्या, स्मृती गेलेली. घरात हे एकटे. कोणी गोल्फ खेळतं, काका मार्गारेट जमवतात, असा आमचा निष्कर्ष होता. काकूंना भेटायला येऊ का म्हटलं, की ते सांगत, “नको, ती बिझी असते.”

एका शनिवारी सकाळी ते दारात उभे राहिले. आदल्या रात्री, इंजिन गोठू नये म्हणून असतो तो गाडीचा हीटर प्लग-इन करायचं राहिलं होतं, गाडी ढिम्म हलत नव्हती. मला नर्सिंग होमपर्यंत सोडशील का, म्हणाले. सोडल्यावर परत जा, असंही म्हणाले. पण वजा तीसमध्ये पार्किंगमधून त्यांना एकटं चालू देणं मला पटेना. मी आत गेलो.

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या आणि साठीची एक गोरी नर्स त्यांचे केस विंचरत होती. काकूंचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. “तू मंजू ना गं?” त्यांनी नर्सला विचारलं. नर्स स्वच्छ मराठीत म्हणाली, “हो.”

मी काकांकडे पाहिलं. ते मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले.

मंजू म्हणजे मंजिरी, काकूंची धाकटी बहीण. हे दोघे कॅनडात यायच्या आधीच ती गेली होती. काकू रोज नर्सला हाच प्रश्न विचारायच्या, आणि नर्स सांगायची, नो डिअर, आय ॲम मार्गारेट. मग काकू दिवसभर रडायच्या. नुसतं हो म्हणा, अशी काकांनी विनवणी केली. पण बाई नेमाने चर्चला जाणारी. मला खोटं बोलता येत नाही, म्हणाली. तेव्हा काका लायब्ररीत जाऊन बसले. चौथ्या दिवशी नावांच्या एका जाड कोशात त्यांना मार्गारेटच्या शेजारी संस्कृत मंजरी, म्हणजे आपली मंजिरी, सापडली. तो कोश उचलून त्यांनी तडक नर्सपुढे धरला.

“मंजरीच्या आधी ‘कदाचित’ छापलं होतं,” काका म्हणाले. “त्यावर मी अंगठा ठेवला.”

“आणि बाकीच्या मार्गारेट?”

“दहा जणींना सांगितलं, की मलाही खरं वाटतं.”

आम्ही आत आलो. काकूंनी मान वळवून काकांकडे नीट पाहिलं.

“मंजू, हे कोण आलेत गं?”

मार्गारेटला शब्द कळले नाहीत. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात घेतली.

“मी टिपणीस,” ते म्हणाले. “इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं.”

“बरं केलंत. बसा ना.” काकूंनी शाल सावरली. “मंजू, पाहुण्यांना पाणी आण.”

काका कडेच्या खुर्चीवर अवघडून टेकले आणि मार्गारेटला म्हणाले, “शी वॉन्ट्स यू टू ब्रिंग मी सम वॉटर.”