दाजीबा अस्वलाच्या घरचं खारं पाणी

समुद्रापासून पाच दिवसांच्या वाटेवर एक जंगल होतं, आणि बाळांनो, त्या जंगलात दाजीबा अस्वलाच्या घरी चक्क समुद्र होता. तीन हात लांब, दीड हात उंच, चारी बाजूंनी काच. आत खारं पाणी आणि दोन केशरी मासे.

दाजीबांच्या बायकोचं नाव भिवराबाई. मुलं मोठी होऊन आपापल्या डोंगरावर राहायला गेली, तेव्हापासून तिचा जीव या माशांत गुंतला होता. दाजीबांचाही गुंतला होता. फरक एवढाच, की दाजीबांना माया आली की ते खायला घालत.

सकाळी घालत, दुपारी घालत, संध्याकाळी घालत. शिवाय मासे काचेशी येऊन बघत राहिले की आणखी एकदा. आता माशांना पापण्या नसतात. ते बघतच राहतात.

उरलेलं खाणं तळाशी कुजू लागलं. माशांनी खाल्लेलंही दुसऱ्या वाटेनं तिथंच पोचलं. या सगळ्याचं शेवटी पाण्यात जे साठतं, त्याला नायट्रेट म्हणतात. ते दिसत नाही. छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की कळतं. फिकट पिवळं आलं तर ठीक, लाल आलं तर काळजी.

दाजीबांच्या नळीत डाळिंबाच्या रसासारखा रंग आला. त्याच आठवड्यात दोघांतला धाकटा मासा कोपऱ्यात जाऊन बसला आणि खाईना.

दाजीबांनी चिमाजी कोल्ह्याला बोलावलं. चिमाजी या विषयातला तज्ज्ञ होता. त्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. त्यानं एक पावडर दिली, एक गुरगुरणारं यंत्र बसवलं आणि पंधरा पानांचं पत्रक दिलं. दाजीबांना इतका धीर आला, की त्यांनी माशांचं खाणं दुप्पट केलं.

"अहो, खाणं जरा कमी करून बघू या का?" भिवराबाई म्हणाली.

"आजाऱ्याला ताकद नको का?" दाजीबा म्हणाले.

नळीतला रंग आणखी गडद झाला. भिवराबाईला जेवण जाईना. ती नदीवर गोजराआत्याकडे गेली. गोजराआत्या म्हणजे म्हातारी पाणमांजर. तिचं सगळं आयुष्य पाण्यात गेलेलं.

"खायला चिमूटभर घाल, दिवसातून एकदा," आत्या म्हणाली. "तळाचा गाळ नळीनं ओढून काढ. पाचवा हिस्सा पाणी काढून टाक आणि तेवढंच ताजं घाल. ताज्या पाण्यात आधी समुद्राचं मीठ मोजून विरघळव, पाणी आतल्याइतकंच कोमट असू दे. आता चार-चार दिवसांनी कर, पुढं आठवड्यानं केलंस तरी चालेल."

"आणि यंत्र?"

"बादली आहे ना घरात?"

भिवराबाईनं घरी येऊन सगळं सांगितलं. दाजीबा मनापासून हसले. "अगं, एवढं सोपं असतं तर पंधरा पानं कशाला लागली असती? ते काही नाही. चिमाजीपंत तीन आठवड्यांचं शिबिर घेतायत, नायट्रेट-निर्मूलनाचं. पलीकडच्या डोंगरावर. पण मी गेलो तर माशांकडे कोण बघणार?"

भिवराबाई म्हणाली, "मी बघते. तुम्ही जा. अवश्य जा."

तिनं स्वतः त्यांची पिशवी भरली. मध, घोंगडी, वही. दाजीबा वळणापलीकडे गेले, तशी तिनं बादली उचलली.

पहिल्या खेपेला निघालेलं पाणी चहासारखं होतं. चार दिवसांनी तिनं पुन्हा पाणी बदललं, आणि मग पुन्हा. मासे काचेशी येऊन बघत. तिचा हात खाण्याच्या डब्याकडे जाई. ती हात पदरात गुंडाळून ठेवी. दुसऱ्या आठवड्यात धाकटा मासा कोपऱ्यातून बाहेर आला आणि त्यानं एक दाणा टिपला. भिवराबाई तिथंच खाली बसली आणि थोडं रडली.

दाजीबा परतले ते गळ्यात सत्काराची माळ घालून. नळीत थेंब टाकले. रंग फिकट पिवळा.

"बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "मी तिथं शिकत होतो आणि इथं फरक पडत होता."

खरं सांगावं असं भिवराबाईच्या ओठांवर आलं होतं. पण दाजीबांचा पंजा बोलता बोलता खाण्याच्या डब्याकडे निघाला होता.

"अहो," ती म्हणाली, "याच्या पुढचं शिबिर कधी असतं?"

आता दाजीबा गावोगाव जाऊन नायट्रेटवर व्याख्यानं देतात. मोठे विद्वान समजले जातात. मासे झकास आहेत.

तात्पर्य: घरातलं पाणी स्वच्छ ठेवायचं असेल, तर घरातल्या तज्ज्ञाला कायम दौऱ्यावर ठेवावं.