काकूंचा गोलकीपर

दिवेकरकाका सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत, कारण लग्न कॅनडात होतं. तिकीट पुतण्या काढणार होता, तरी नाही. "त्या देशाने माझं एकदा वाटोळं केलंय, तेवढं पुरे," एवढंच म्हणाले.

वाटोळं करणाऱ्याचं नाव ब्रायन. इथे ब्रिटनमध्ये, आमच्या कार्डिफात पहिली व्यावसायिक आइस हॉकी टीम निघाली तेव्हा तिच्याकडे बर्फ होता, पैसे नव्हते. बरीचशी टीम इथलीच, प्लंबर नि पोस्टमन. दोनतीन खेळाडू तेवढे कॅनडाहून आणलेले. त्यांना हॉटेलात ठेवणं परवडेना, म्हणून घरोघरी खोल्या मागितल्या. विमलकाकूंनी काकांना न विचारता हो म्हटलं, आणि गोलकीपर दिवेकरांच्या वरच्या खोलीत येऊन राहिला. चांगला अख्खा सीझन.

मी दोन हजार चारला पुण्याहून काकांच्या शेजारी राहायला आलो, तोवर या गोष्टीला वीसेक वर्षं होत आली होती. पण काकांची जळजळ ताजी. टीमचा सगळा इतिहास त्यांना पाठ, फक्त तो त्यांच्या स्वयंपाकघरातून सुरू होई. पहिलं थालीपीठ ब्रायनला, दुसरंही ब्रायनला. त्याचे घामट पॅड हॉलमधल्या गरम रेडिएटरवर वाळत, काकांचे मोजे बाथरूममध्ये. मी म्हटलं, टीम तर जिंकत होती ना? तर म्हणे, "जिंकेल नाही तर काय. तूप कुणाचं?" काकूंच्या हातचं थालीपीठ मीही खाल्लं होतं, त्यामुळे मला त्यांचं दुःख पटायचं. मॅच मात्र काकांनी एकही चुकवली नाही. ब्रायनवर गोल झाला की टाळ्या वाजवायला जात. आपलाच गोलकीपर हुकला की खूश होणारा हा एकटा प्रेक्षक, आणि शेजारी त्याला चिमटे काढणाऱ्या काकू.

मी आल्यावर वर्षभरात काकू गेल्या. काका हॉकीबद्दल बोलेनासेच झाले. मला वाटलं, राग विझला.

मग टीम खेळायची ती बर्फाची जुनी रिंक पाडायचं ठरलं आणि पहिल्या टीमला निरोपाच्या मॅचसाठी बोलावलं. ब्रायनही येणार होता. काका म्हणाले, मेलो तरी जाणार नाही. रविवारी दुपारी दाढी करून, कोट चढवून माझ्या दारात हजर. तो किती सुटलाय ते बघायचं होतं.

चांगलाच सुटला होता. टक्कलही पडलं होतं, त्यामुळे काका खुशीत. गर्दीतून वाट काढत तो आला, काकांना मिठी मारली आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "व्हेअर इज काकू?"

मी काकांकडे पाहिलं.

"ॲट होम," काका म्हणाले. "हर नी पेन इज बॅड. शी इज आस्किंग, आर यू ईटिंग प्रॉपरली?"

त्या धिप्पाड माणसाचा चेहरा उजळला. तसलं थालीपीठ पुन्हा कुठे मिळालं नाही, तिला सांगा, म्हणाला. काकांनी सांगतो म्हटलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, काका, असं का सांगितलंत? ते सीटबेल्टशी झटापट करत राहिले.

"फोन करून खरं काय ते सांगेन त्याला उद्या," ते म्हणाले. "आजचा दिवस असू दे. त्याच्या लेखी ती अजून घरी आहे. लेकाचा पहिल्यापासून माझ्यापेक्षा नशीबवान."