जाताना कापूर घेऊन जा

गणपतीला कोकणात न जाणारा कोकणी माणूस दोनच कारणांनी मुंबईत राहतो. एक तर त्याला रजा मिळत नाही, किंवा मग त्याला रजाच रजा असते. घाटकोपरच्या सहदेव परबाचं कारण दुसरं होतं. होळीनंतर त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. तिथं टाइमकीपर म्हणून इतरांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिणाऱ्या सहदेवला आता स्वतःला कुठंही वेळेवर पोचायचं उरलं नव्हतं. गावी गेलं तर अख्खी वाडी विचारणार, "सध्या खंय असतंस?" त्यापेक्षा मुंबई बरी. इथं असलं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तरासाठी थांबत नाही.

घरात मात्र उत्तरासाठी थांबलेलं माणूस होतं. बायको शुभा, सातवा महिना.

"दिवाळीपर्यंत बघू," ती म्हणाली होती. "नाहीतर जाऊ गावी. तिथं निदान नारळ तरी आपले आहेत."

ती भांडून म्हणाली असती तर सहदेवला बरं वाटलं असतं. पण ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, आणि समजूतदार बायकोपुढं माणसाला पळायला जागा नसते.

अशा वेळी मुंबईत माणसाला मामा लागतो. सहदेवला दत्ताराममामा होते, आईचे चुलतभाऊ. अंधेरीच्या एका मोठ्या पंख्याच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जन्मभर चहा करून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. कंपनीतल्या प्रत्येक साहेबाचा स्वभाव त्यांना साखरेवरून ठाऊक होता.

"अर्ज कसले टाकतंस?" मामा म्हणाले. "हापिसात सायबाक कोण भेटूक दिता? गेटार गुरखो असता. पण घरात गणपती इलो काय दार सताड उघडा! तू कोण, खंयचो, कोण विचारता? आपण तरी कधी विचारतांव?"

"पण मामा, ओळख ना पाळख, घरात शिरायचं म्हणजे..."

"म्हणान तर आरतीच्या वक्ताक जायचा. आरतीत आवाज काढ. सायबाची मान वळाक होयी. मगे प्रसाद घेताना हळूच विषय काढ. परसोनलचे सबनीस सायेब, माणसां तेच घेतत, मुलुंडाक रवतत. चायत अर्धो चमचो साखर. मऊ माणूस!" मामा उठता उठता थांबले. "आणि रिकाम्या हातान जाव नको. कापराची पुडी घेऊन जा. कापूर कधी वाया जाणा नाय."

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी सहदेव इस्त्रीचा शर्ट घालून मुलुंडला पोचला. एका खिशात अर्ज, दुसऱ्या खिशात कापूर. मामांचं म्हणणं खरं निघालं. दार सताड उघडं होतं आणि दाराशी चपलांचा ढीग. आत थर्मोकोलच्या मखरात गणपती, त्याच्यापुढं सोवळं नेसलेले गोरटेले सबनीस साहेब, आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर सफारीतले एक जाडजूड शेठ. भिंतीला लागून चारपाच पुरुष हात जोडून उभे. साहेबांची भावकी असणार, असं समजून सहदेवनं त्यांनाही नमस्कार केला. त्यांनीही केला. एकानं तर वाकून केला.

साहेबांच्या पत्नी माणिकताई नवऱ्याच्या हातात आरतीचं तबक देता देता कुजबुजल्या, "अहो, हा निळ्या शर्टातला कोण?"

"तुझ्या माहेरचा ना?"

"मला वाटलं तुमच्या कंपनीतला."

"असेल बाई. गणपती आहे, विचारता येतं का? तू लक्षात ठेव, आरती झाली की लगेच मोदक. शेठना बोरिवलीहून सुरतेची गाडी आहे. मला त्यांच्याशी दहा मिनिटं तरी बोलायला मिळायला हवीत."

आरती सुरू झाली. सबनीसांच्या घरी ती दोन आरत्यांत आटपते. एक गणपतीची, एक शंकराची, मग मोदक. पण सहदेवच्या वाडीत दोन आरत्यांना आरती म्हणत नाहीत, घसा साफ करणं म्हणतात. शंकराची संपली, साहेबांनी तबक खाली ठेवायला कंबर वाकवली, आणि सहदेवला मामांचे शब्द आठवले. साहेबांची मान अजून वळली नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि विठोबाची आरती उचलली.

आवाज असा लागला की मखराला टांगलेली चमकी हलली. साहेबांची मान वळली. नुसती वळली नाही, वळून तशीच राहिली.

आता आरतीचा एक नियम असा की ती कोणीही सुरू करू शकतो, पण बंद करायची सोय नाही. सुरू झाली की टाळ्या वाजवायच्या आणि ज्याच्या हातात तबक आहे त्यानं ते फिरवत राहायचं. साहेबांनी तबक पुन्हा उचललं. शेठ खुर्चीवर बसणार होते, ते अर्ध्यातून परत उभे राहिले.

विठोबा संपला. सहदेवनं श्वास घेतला, तेवढ्यात पलीकडून एका मिशाळ माणसानं देवीची सुरू केली. सहदेवनं त्याच्याकडे पाहिलं. साहेबांचा मेव्हणा दिसतो, आणि मेव्हण्याला साथ द्यायलाच हवी. त्यानं ती दिली. मेव्हण्याला ती साथ न वाटता आव्हान वाटलं असावं. त्यानं पट्टी वाढवली. देवी संपते न संपते तोच कोपऱ्यातल्या चष्मेवाल्यानं दत्ताची काढली, त्याच्या शेजारच्यानं मारुतीची. सगळ्यांचे डोळे मात्र गणपतीकडे नव्हते, साहेबांकडे होते.

"अहो, आवरा ना!" माणिकताई ओठ न हलवता म्हणाल्या.

"कसं आवरू? माझे हात गुंतलेत!"

"मोदक गार व्हायला लागलेत."

"माझा खांदा गार पडलाय."

शेवटी साहेबांना युक्ती सुचली. दोन आरत्यांच्या मधल्या फटीत त्यांनी एकदम गर्जना केली, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" भिंत गरजली, आणि साहेबांनाच हुरूप आलेला पाहून दुप्पट जोमानं ज्ञानोबाकडे वळली.

मग देवच धावून आला. कापूर संपला. तबकातली ज्योत लहान झाली. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू फुटलं, माणिकताई मोदकांकडे धावल्या. आणि सहदेवनं पुढं होऊन अदबीनं खिशातली कापराची पुडी काढली. त्याच क्षणी मिशाळ माणसानंही काढली. चष्मेवाल्यानं काढली. भिंतीला लागून उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपापल्या खिशातून एकेक पुडी काढून साहेबांपुढं धरली. एवढ्या कापरात मुलुंड ते ठाणे आरती करता आली असती.

ज्ञानोबांनंतर शेठनी घड्याळ पाहिलं, देवाला हात जोडले आणि दाराकडे निघाले.

"शेठ, प्रसाद तरी... आपलं ते बोलणं..." साहेब तबकासकट त्यांच्या मागे गेले.

"फिर कदी, सबनीस साहेब! गाडी सुटेल माझी." शेठ दारात थांबले आणि सहदेवकडे वळले. "भाऊ, हा पैला मोठा आवाज तुमचा होता ना? कुठे काम करते तुमी?"

"सध्या... कुठंच नाही, शेठ. टाइमकीपर होतो."

"माझ्या कारखान्यात प्रेस शॉपमंदी मशीन चालते तर सुपरवायझर ओरडते पण कोनाला ऐकायलाच येत नाय. मंगळवारे साकीनाक्याला ये. चंद्रप्रकाश शेठ विचार."

शेठ गेले. सहदेव जागच्या जागी उभा राहिला. साहेब हळूहळू खाली बसले, आणि माणिकताईंनी त्यांच्या हातातून तबक सोडवून घेतलं. बोटं उघडत नव्हती.

"एक विचारू?" साहेब उजवा खांदा चोळत सगळ्यांना म्हणाले. "आपण सगळे कोण?"

मिशाळ माणसानं खिशातून अर्ज काढला. "मी लवू. मानखुर्दाहून इलंय सायेब. म्हणजे, आलोय. काम बघतोय."

"मी परब," म्हणत सहदेवनंही अर्ज काढला. चष्मेवाल्यानं काढला. मघाशी कापूर निघाला होता त्याच क्रमानं सगळ्यांचे अर्ज बाहेर आले.

"आणि तुम्हाला इथं पाठवलं कोणी?"

"दत्ताराममामांनी," सगळे एका सुरात म्हणाले. आरतीतसुद्धा इतका एक सूर लागला नव्हता.

"कँटीनचे दत्ताराम?" साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि ते हसण्यानं पुसले की कशानं, हे माणिकताईंनी पाहिलं नाही असं दाखवलं. "अहो, दत्ताराम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्यांना कोण सांगणार? कंपनी गुजरातेत चालली आहे. मला दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. हे शेठ माझ्याकडे दर्शनाला येणार होते, ते... मीच नोकरी बघतोय हो!"

एकेक अर्ज घडी होऊन परत खिशात गेला.

"यार, वाट लावली आपण साहेबांची," चष्मेवाला लवूच्या कानात म्हणाला.

सहदेव दोन पावलं पुढं आला. "साहेब, मी नाही जात शेठकडे. शपथ. ती जागा तुमची."

"वेडे आहात का, परब? शेठना मशीनच्या वर जाणारा आवाज हवाय. माझा मघाशी 'आवरा' म्हणण्याइतकाही निघाला नाही. घरी कोण असतं?"

"बायको. सातवा महिना आहे."

"माणिक, ह्यांना मोदक बांधून दे," साहेब म्हणाले. "आणि कापूर ज्याचा त्यानं घेऊन जा बाबांनो. माझ्या घराला आग लागेल."

मंगळवारी सहदेव साकीनाक्याला गेला आणि तिथंच राहिला. दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. शुभानं नारळांचा विषय काढायचं सोडलं आणि आपण नवस बोललो होतो हे सांगितलं. म्हणून पुढच्या वर्षी घाटकोपरच्या खोलीत गणपती आला. चंद्रप्रकाश शेठ दर्शनाला येतो म्हणाले. बोरिवलीची सुरतेची गाडी त्या दिवशीही होतीच.

सहदेवनं वर्षभरात सबनीस साहेबांना दोनदा गाठलं होतं. साहेब सल्लागार झाले होते. सल्ला घेणारं कोणी नव्हतं, पण पाटी छान होती. शेठकडे साहेबांचं नाव काढायचा सहदेवनं प्रयत्न केला होता. पण कारखान्यात दोघांचं बोलणं व्हायचं ते ओरडून, आणि अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून त्यानं साहेबांना गणपतीला बोलावलं आणि मनाशी पक्कं केलं, की आज फक्त दोन आरत्या. वाडीवाले काय म्हणायचं ते म्हणोत. दोन आरत्या, मोदक, आणि मग साहेब आणि शेठ समोरासमोर.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत शेठनी बूट काढले. साहेब आधीच येऊन भिंतीला लागून उभे होते. दत्ताराममामा दाराशी, पाण्याच्या पिंपाशेजारी बसून माणसं मोजत होते. सहदेवनं तबक घेतलं. गणपतीची झाली, शंकराची झाली. सहदेव वाकला.

"झाला?" मामा दुखावून म्हणाले. "ह्या काय झाला?"

सहदेव काही बोलणार, तेवढ्यात भिंतीकडून एक बारीक, थरथरता आवाज निघाला. सबनीस साहेबांनी डोळे मिटून विठोबाची आरती उचलली होती. सूर भलतीकडे चालला होता, पण माणूस मागे हटत नव्हता. सहदेवनं डोळ्यांनी खुणा केल्या. मिटलेल्या डोळ्यांना खुणा कशा दिसणार? विठोबामागून देवी आली, देवीमागून दत्त. कुठून पाठ केल्या होत्या कोण जाणे. सहदेवचा खांदा भरून आला. शेठ घड्याळ बघायला लागले. कापूर संपला, आणि साहेबांनी एक डोळा उघडून सदऱ्याच्या खिशातून लाजत लाजत एक पुडी काढली.

सहदेवनं मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते.

"बरं, सहदेव, चालतो," शेठ दत्ताच्या शेवटच्या ओळीवरच बाहेर पडले. साहेबांचा आवाज जागच्या जागी विरला. सगळं मागच्या वर्षीसारखंच झालं होतं. फक्त खांदा बदलला होता.

"अरे, माझे बूट कुठे?" गॅलरीतून शेठ ओरडले.

बूट नव्हते. शुभानं दाराआड पाहिलं, पोरांनी जिना पाहिला, शेजारच्या द्रौपदीबाईंनी आपल्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी शेठ गॅलरीच्या कठड्याला टेकले. अनवाणी साहेब प्रसादाचा द्रोण घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"सबनीस साहेब! तुमी? तुमी आरती गात होते?" शेठ हसले. "आवाज काय खास नाय तुमचा."

"नाही ना," साहेब म्हणाले. "पण शेठ, सहदेव म्हणत होता, तुमच्याकडे दर महिन्याला माणसं सोडून जातात. का जातात, ते मी सांगू शकेन."

शेठनी मोदक तोंडात टाकला. "बोला," ते म्हणाले.

साहेब बोलू लागले. शेठ ऐकू लागले. मग शेठनी दुसरा मोदक घेतला आणि प्रश्न विचारला, मग आणखी एक. बुटांचं नाव कोणी काढेना. पाण्याच्या पिंपाशेजारी बसलेल्या मामांनी सहदेवला बोटानं जवळ बोलावलं.

"काय म्हणतत?"

"सोमवारी साकीनाक्याला या म्हणाले, साहेबांना."

"नक्की?"

"नक्की. खोलीसुद्धा वेगळी देतो म्हणाले. मशीनपासून लांब."

मामांनी समाधानानं मान हलवली आणि पिंपाच्या मागं हात घातला.

"मगे आता," ते म्हणाले, "बूट गावले म्हणान सांग."