पिहूने खाल्लेली शाल

शाल सकाळी मागावरून उतरली आणि दुपारपर्यंत तिचा पंचा झाला होता. मधल्या वेळात खिमीअम्माने जे काही केलं ते निव्वळ मायेपोटी केलं. पण हे कुणाला पटवून द्यायची वेळ आली असती, तर तिचा स्वतःचासुद्धा स्वतःवर विश्वास बसला नसता.

कारण मध्ये पैज होती.

सून डिंपलने घरात अंगोरा ससे आणले तेव्हापासून दोघींची लोकरीवरून जुंपायची. खिमीअम्माच्या मते लोकर ती मेंढीचीच. सशाच्या अंगावर असते ती लोकर नव्हे, ते म्हातारीचे केस. फुंकर मारली की भुर्र. डिंपल म्हणायची, मेंढीची लोकर टोचते आणि पिहूच्या गालांवर पुरळ येतं. डिंपल कुल्लूच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली होती, पण अडीच वर्षांपूर्वी पिहू झाल्यापासून तिचा खरा अभ्यास पुरळ, ताप, जिन्याच्या कडा आणि गिळता येण्याजोगी बटणं यांचा होता. असंच एकदा नळावर, सगळ्या बायांच्या देखत, विषय पेटला.

"जत्रेच्या पाहुण्याच्या खांद्यावर घालता येईल अशी अख्खी पुरुषी शाल, निव्वळ सशाच्या लोकरीची, विणून दाखव," खिमीअम्मा म्हणाली. "गोठ्याची उन्हाची बाजू तुझ्या सशांना. माझ्या मेंढ्या जातील सावलीत."

"आणि नाही जमली तर?"

"तर ससे लोटमाला देऊन टाकायचे."

शेजारच्या लोटमाने कळशी खाली ठेवली. "मला चालतील गं," ती लगेच म्हणाली. "पिंजरेसुद्धा दे हो."

हिवाळाभर डिंपल कातत बसली. मांडीवर पिहू झोपलेली, हातात पांढरा धुक्यासारखा पेळू. खिमीअम्मा येता-जाता टोमणे मारायची, पण शेगडीतलं लाकूड विझू द्यायची नाही. त्याच हिवाळ्यात माळ्यावरचं तिचं लोकरीचं पोतं आपोआप खाली बसत चाललं होतं. तिचा संशय लोटमावर होता. पुरावा नव्हता, म्हणून तिने नुसतं लोटमाला ताक देणं बंद केलं होतं.

आणि आता जत्रा उद्यावर आली होती. शाल तयार होती.

"अम्मा, मी मांडव बघून येते," डिंपल चपला घालता घालता म्हणाली. "पिहूकडे लक्ष ठेवा. तोंडात काही घालू देऊ नका. शेगडीजवळ नको. खिडकीत नको. जिन्याशी तर बिलकूल नको."

"मग छताला टांगून ठेवू का तिला?"

"अम्मा!"

"जा गं बाई. तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलाय. एकदाच पडला तो जिन्यावरून."

डिंपल गेली. खिमीअम्माने नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवून 'आई गं' म्हटलं, उठली आणि शाल हातात घेतली. मऊ होती. लोण्यासारखी होती हे तिने मनातल्या मनात कबूल केलं. मग ती शाल खिडकीत धरली, आणि तिला शालीतून लोटमाचं अंगण दिसलं. अंगणात लोटमा दिसली. लोटमाच्या नाकातली फुलीसुद्धा दिसली.

खिमीअम्माला सुनेची दया आली. पोरीने शाल तुडवलीच नव्हती! या खोऱ्यात मागावरचं लोकरीचं कापड थेट कुणाच्या अंगावर जात नाही. आधी काठवटीत घालून, वर कढत पाणी ओतून पायांनी तुडवायचं. वीण मिटते, कापड भरतं, मग वारा आत शिरत नाही. न तुडवलेलं कापड पाहुण्याला द्यायचं म्हणजे ताटात कच्चे तांदूळ वाढायचे. उद्या सगळी जत्रा म्हणेल, खिमीच्या घरी कापड तुडवायलाही कुणी उरलं नाही. पैज जिंकली तर जिंको बापडी, पण नीट कापडावर जिंको.

तिने देवदाराची मोठी काठवट ओढली, रिठ्याचं पाणी कढवलं, अंगाभोवती गुंडाळलेला लोकरी पट्टू गुडघ्यापर्यंत खोचला आणि शालीवर उभी राहिली. पिहू शेजारी बसून टाळ्या वाजवू लागली. म्हणून खिमीअम्माने गाणं धरलं. गाणं लांबलचक होतं. थोड्या वेळाने तिने वाकून पाहिलं. वीण जरा मिटली होती. 'हां, आत्ता कापड दिसतंय,' असं म्हणून तिने आणखी कढत पाणी ओतलं. गाण्याची आणखी कडवी आठवली. मेंढीच्या लोकरीचं जाड कापड असतं तर एवढ्याने त्याला काही झालं नसतं. पण पायांखालचं कापड आता सारखं गोळा होऊ लागलं होतं.

तिने उचलून बाहेर काढलं. आधी तिला वाटलं, अर्धी शाल पाण्यातच राहिली.

पाण्यात काही नव्हतं. होता तो पांढरा फेस, त्यावर तरंगणारे सशाचे केस, आणि ते ओंजळीने उचलून तोंडाला फासणारी पिहू.

खिमीअम्माने ते झटकून पसरलं. हातात होता तो पंचा. जाड, घट्ट, घोंगडीच्या तुकड्यासारखा. तिने दोन्ही टोकांना धरून ओढला, गुडघ्याखाली दाबून ओढला, दाराच्या कडीला अडकवून ओढला. कडी निघाली.

आता कोण विश्वास ठेवणार? पैज हातची जाताना दिसली, म्हणून म्हातारीने सुनेची शाल बुडवली. संध्याकाळच्या आत लोटमा नळावर हेच सांगणार. डिंपल तर काही बोलणारही नाही. ती नुसती बघेल. तिच्या त्या बघण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

शाल शेगडीवर जेमतेम शेकते आहे तोवर जिन्यावर पावलं वाजली. खिमीअम्माने काठवट खिडकीतून लोटमाच्या कोबीवर रिकामी केली, ओलीगरम शाल पोटाकमरेला गुंडाळली, वरून पट्टू ओढून चांदीचा आकडा लावला आणि सिड्डूचं पीठ मळायला बसली.

"अम्मा, शाल कुठंय?"

"असेल की तिथंच."

डिंपलने कोपरे पाहिले, माग पाहिला, ट्रंक उघडली. मग तिची नजर पिहूवर गेली. पिहूच्या ओठांवर, हनुवटीवर, जिभेवर पांढरे मऊ केस होते. पिहू गोड हसली आणि म्हणाली, "मम्मम."

डिंपल पांढरीफटक पडली. "हिने शाल खाल्ली!"

"अगं, शाल आहे की शिरा?" खिमीअम्मा ओरडली. "माणूस शाल खातो का कधी?"

"सगळी नसेल! उरलेली एखाद्या कुत्र्याने नेली असेल. पण पोटात केस गेलेत, अम्मा. सशाच्या पोटात केसांचा गोळा झाला की ससा दगावतो! पपई... पपई द्यावी लागते!"

सशांसाठी ठेवलेली पपई तिने पिहूला भरवायला घेतली. पिहूने पपई थुंकली. हे तर फारच वाईट लक्षण होतं. ससेसुद्धा आजारी पडले की आधी पपईच सोडतात. डिंपलने खिडकीतून नवऱ्याला हाक मारली, "ज्ञान! जीप काढा! पिहूने शाल गिळली!" आणि ती हाक अख्ख्या गावाने ऐकली.

खिमीअम्माने दोनदा तोंड उघडलं. सांगावं का? पण तोवर लोटमा दारात उभी होती. "कोणती गं शाल? पैजेची?" तिच्यासमोर? मेले तरी नाही. दवाखान्यात जाऊ दे, डॉक्टरीण पोट बघेल, पोर ठणठणीत आहे म्हणेल, विषय मिटेल. ती तरातरा जिना उतरली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

जीपच्या काचा बंद होत्या, कारण डिंपलला पिहूला वारा लागायची भीती. खिमीअम्माच्या पोटावरची शाल तापली. सशाची लोकर किती ऊब धरते याची व्याख्यानं तिने आजवर या कानाने ऐकून त्या कानाने सोडली होती. आता ती तिला सर्वांगाने पटत होती. घाम कपाळावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून पदरात पडू लागला.

"अम्मा," डिंपल तिच्याकडे बघत हळूच म्हणाली, "तुमच्या अंगातून वाफ निघतेय."

"काळजीने," खिमीअम्मा म्हणाली. "तुझ्यासारखीच."

दवाखान्यात नेगी डॉक्टरीणबाईंनी पिहूचं पोट दाबलं, तोंडात बॅटरी मारली, बोटाने चार केस काढले. "हिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांची मान वळली. "पण आजींचा चेहरा बीटासारखा झालाय. आणि पोट एवढं कधी सुजलं? पडा बघू इथे."

"मला काही नाही. माझी नुसती कंबर दुखते, ठाऊक आहे तुम्हाला."

"पडा म्हटलं ना!"

"अम्मा, ऐका हो डॉक्टरांचं!" डिंपल रडकुंडीला आली. एक संकट टळतंय तर दुसरं.

डॉक्टरीणबाईंनी ज्ञानला बाहेर पाठवलं आणि चांदीचा आकडा काढला. पट्टू सैल झाला. वाफेचा एक ढग वर आला, आणि त्यामागून सूज हळूहळू उलगडत जमिनीपर्यंत आली.

डिंपल आणि डॉक्टरीणबाई त्या पंच्याकडे बघत राहिल्या. किनारीवरची लाल-हिरवी नक्षी डिंपलने स्वतः भरली होती. ती आता एवढीशी, मुठीत मावेल अशी झाली होती.

"तुडवली," खिमीअम्मा छताला म्हणाली. "विरळ दिसत होती म्हणून तुडवली. पैजेसाठी नव्हे. नागदेवाची शपथ. घे, बघ आता माझ्याकडे तसं."

पण डिंपल बघेना. ती खाली मान घालून पिहूच्या मोज्याचा धागा ओढत होती.

"अम्मा," ती अखेर म्हणाली, "तुमच्या पोत्यातली लोकर लोटमाचाचीने नव्हती नेली."

"मग?"

"सशाचे केस फार निसटतात. एकटे धरत नाहीत, सूत तुटतं. मी... थोडी मेंढीची मिसळली."

"थोडी?"

"निम्मी."

खिमीअम्मा टेबलावर उठून बसली. "म्हणजे माझ्याच पोत्यातली लोकर चोरून, माझ्याचविरुद्ध पैज जिंकणार होतीस तू?"

"आणि तुम्ही माझी शाल पोटाला बांधून माझ्याच लेकीला दवाखान्यात आणलंत!"

"तुम्ही दोघी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी बाहेर जा."

जीप परत निघाली. घर आलं. खिमीअम्मा जीपमधून टुणकन उतरली आणि जिना चढून वर गेली. जिन्याच्या टोकावर ती थबकली. काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं ते तिला जरा वेळाने उमगलं: ती 'आई गं' म्हणायची विसरली होती.

दुसऱ्या दिवशी जत्रेत पाहुण्याच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर जत्रा मंडळाची जुनीच शाल पडली. लोटमा टपूनच बसली होती.

"खिमी, सुनेची शाल कुठंय?"

"पोरीने खाल्ली," खिमीअम्मा म्हणाली. "गावाने ऐकलं नाही का?"

गावाने ऐकलंच होतं. बायकांनी माना डोलावल्या. एकीने पिहूसाठी पपई आणली होती. एकीने डिंपलच्या कानाशी लागून विचारलं, "आली का बाहेर?"

"डॉक्टर म्हणाल्या, येईल हळूहळू," डिंपलने मान खाली घालून सांगितलं.

"आणि पैज?" लोटमाने विचारलं. "ससे माझे ना?"

"शालच नाही तर पैज कसली? आता पुढच्या वर्षी." खिमीअम्माने तिच्या हातात ताकाचा मोठा तांब्या दिला. लोटमा आ वासून बघत राहिली. हिवाळाभर ताक का बंद होतं हे तिला कळलं नव्हतं, ते आता का सुरू झालं हेही कळेना.

तेवढ्यात ढोल-नगारे वाजले आणि नाटीच्या नाचाचं रिंगण धरलं गेलं. किती वर्षांत रिंगणात न शिरलेली खिमीअम्मा लोटमाचा हात धरून आत शिरली. वाकली, वळली, बसकण मारून पुन्हा उठली. पट्टू कमरेपाशी जरा फुगल्यासारखा दिसत होता आणि घाम धारांनी वाहत होता.

"कंबर बरी झाली का गं?" लोटमाने धापा टाकत विचारलं.

"नवीन औषध लागू पडलंय."

रिंगण फिरत फिरत डिंपलपाशी आलं. ती पिहूच्या तोंडात बोट घालून तिने काय गिळलं ते शोधत होती. खिमीअम्मा तिच्या कानाशी वाकली.

"गोठ्यात उद्या मेंढ्या सावलीत बांध," ती कुजबुजली. "आणि पुढची शाल जरा रुंद विण. माझे गुडघेही दुखतात."