न फुटलेल्या गोळीचा सत्कार

औषध कितीही गुणाचं असो, ते जागच्या जागी पोचवायला शिकलेली माणसंच लागतात. म्हणून आमच्या थोरलीच्या आतड्याची सूज आम्ही संशोधन संस्थेच्या हवाली केली. संस्थेत तिचे यजमान, म्हणजे आमचे जावईबापूच मोठे साहेब, तेव्हा काळजीचं कारणच नव्हतं.

सुजेवर उतारा म्हणून बियांचं तेल ठरलं. पण चमच्याने पाजलं तर ते वरच्या वर जिरतं, खालच्या आतड्याला वाससुद्धा लागत नाही. (मी तिसरी शिकलेली. मला कळलं, म्हणजे अवघड नसावं.) तेव्हा तेल गोळीत भरायचं आणि वर असा लेप चढवायचा की गोळी पोटात टिकावी, आतड्यात उघडावी.

लेपासाठी समिती बसली. समितीने कसोटी एकच ठेवली: गोळी फुटता कामा नये. पहिला लेप पोटातच विरघळला, बाद. दुसरा नेमका आतड्यात उघडला, तोही बाद (उघडणं म्हणजे फुटणंच, असं अध्यक्षांचं मत पडलं). तिसरा मात्र कशालाही बधेना. शंभरातल्या शंभर गोळ्या सुखरूप!

थोरलीने त्या इमानेइतबारे गिळल्या. एका सकाळी संडासातून हाक आली, "आई, गोळी आली गं! जशीच्या तशी!"

मी जावईबापूंना गाठलं. "अहो, ही तर गाव फिरून परत आली. तेल आतच!"

ते हरखले. "बघितलंत आई? साधा ओरखडा नाही!"

"आणि हिला रक्त पडतंय त्याचं काय?"

"ते दुसऱ्या विभागाकडे येतं."

पुढे या लेपाबद्दल जावईबापूंचा रीतसर सत्कार झाला. थोरलीला मी दाराजवळची खुर्ची धरून दिली होती. शाल त्यांच्या अंगावर पडते न पडते, तोच ती पोट दाबून बाहेर पळाली. सूत्रसंचालक म्हणाले, "पत्नीला आनंद आवरेना!" सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मीही वाजवल्या, जावयाचा मान असतो.

तिच्यामागे दाराबाहेर मात्र कोणी आलं नाही. मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, घामाने भिजलेली. म्हणाली, "आई, संपलं का गं भाषण?"

तुम्हीही हे सगळं हसत हसत गिळलंत. ती आता कशी आहे, हे काही विचारलं नाहीत. असू द्या. लेप तुमचाही पक्का आहे.