मामाची ओळ

दुपारी चारला संस्कृतीची हळद लागायची होती आणि तिच्या आजीला, कडूबाईंना, मामाची ओळ आठवत नव्हती.

राजूरकडच्या त्या हळदीच्या गाण्यात नवरीला कोणी काय आणलं ते नात्यानात्यानं येतं. आईनं पाटल्या, आत्यानं चोळी, काकानं पैंजण. कुणाची ओळ गाळली की तो रुसलाच. त्यात संस्कृतीचा मामा म्हणजे बेलापूरचे वाल्मिकराव. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून मागे एका साखरपुड्यातून ते न जेवता निघून गेले होते.

"आई, दादा रुसला तर पोरीला बोहल्यावर कोण आणणार?" सून मोनिका रडकुंडीला आली.

ती ओळ कडूबाईंच्या आईला ठाऊक होती, मावशीला ठाऊक होती. पण दोघींनाही आता फोन लागणारा नव्हता. शेवटी मोनिकाला एका वेबसाइटवर अख्खं गाणं सापडलं. कडूबाईंनी चष्मा चढवला. आई आली, आत्या आली, काका आला आणि मामाच्या जागी पाण्याची टाकी आली. काळी टाकी तीन थरांची, हजार लिटर पाणी!

"फुलीवर दाबा, आई."

कडूबाईंनी दाबलं. टाकी गेली नाहीच, उलट तिच्या चार बहिणी आल्या.

मोनिकानं दुसरं ब्राउझर घेतलं. ते जाहिराती गिळतं म्हणे. गिळल्याही. पण वेबसाइटनं दारातच पाटी लावली : जाहिराती अडवणं बंद करा, मग आत या.

"पाहुण्याला हाकललं म्हणून यजमान रुसला," कडूबाई म्हणाल्या. "ह्यो बी वाल्मिकचाच भाऊ दिसतो."

मग सावेडीतल्या त्यांच्याच बिल्डिंगमधला कॉम्प्युटरवाला परवेझ वरच्या मजल्यावरून खाली आला. "मावशी, जाहिरात घरात घेऊन बाहेर काढायची नसते. गेटवरच अडवायची." त्यानं फोनच्या सेटिंगमध्ये काहीतरी भरलं. टाकी गेली. जाताना मामालाही घेऊन गेली. काकाच्या खाली नुसती पांढरी जागा.

"आता वाचनाचा मोड लावू. फक्त मजकूर राहतो."

राहिला. 'सर्व हक्क राखीव' एवढाच.

परवेझनं सगळं पहिल्यासारखं केलं, टाकी परत आली. कडूबाईंनी फोन डोळ्यांशी आडवा धरला आणि टाकीखाली काही दिसतं का ते वाकून पाहू लागल्या. साडेतीनपर्यंत त्यांनी टाकी निदान चाळीस वेळा वाचली. परवेझ फोन घेऊन वर पळाला. खाली पाहुण्यांची गाडी लागली.

हळद सुरू झाली. वाल्मिकराव पहिल्या खुर्चीत, फेट्याचा शेमला पुढे घेऊन. नवरदेवाची आजी गोजरबाई पाथर्डीकडून खास गाणं ऐकायला आलेली. कडूबाईंनी आई गायली, आत्या गायली, काका गायला. मामाशी आल्या आणि डोक्यात अंधार झाला. वाल्मिकरावांच्या भुवया वर चढू लागल्या. तोंड मात्र थांबेना :

"मामानं आणली गं बाई, काळी टाकी तीन थरांची, हजार लिटर पाणी!"

बायकांनी सवयीनं ओळ झेलली. दोनदा झेलली. मोनिकानं डोळे मिटून घेतले.

गाणं थांबताच गोजरबाई उठल्या. "आवं मामा, लई मोठं मन तुमचं! आमच्याकडं टँकर येतो, पन पानी ठिवायला भांडं न्हाई. मी गच्चीवर वटा बांधून ठिवते. कधी धाडताय?"

सगळा मांडव वाल्मिकरावांकडे पाहू लागला. त्यांनी खिशातल्या, आहेरासाठी आणलेल्या घड्याळाच्या खोक्यावर हात ठेवला. मग छाती पुढे काढली.

"काळी कोन बी देतं," ते म्हणाले. "आमी पांढरी देनार. चार थरांची!"

टाळ्या पडल्या. मोनिकानं डोळे उघडले.

तेवढ्यात परवेझ जिना उतरत ओरडत आला, "मावशी! जमलं! पान उघडलं की लगेच नेट बंद करायचं, जाहिरात वाटेतच राहते! ही बघा तुमची ओळ. मामानं दिला ताम्..."

कडूबाईंनी हळदीच्या हातानंच त्याचं तोंड दाबलं. फोनवर वाकून त्यांनी ओळ वाचली. आईच्या आवाजात ती क्षणभर कानात वाजली. मामानं दिला तांब्या पाण्याचा. मग त्यांनी वाल्मिकरावांकडे पाहिलं. ते गोजरबाईंना टाकीचा नळ कोणत्या बाजूला हवा ते विचारत होते.

"परवेझ, बाबा," त्या पुटपुटल्या, "नेट चालू कर. आन् ती जाहिरात परत लाव बरं ह्या ओळीवर."